सुट्या नाण्याचें जर्मन नांव

शब्दांच्या व्युत्पत्तीचा विषय जितका मनोरंजक तितकाच फसवा आहे. एखादा शब्द घ्यावा, त्याचे दोन तुकडे करावे, प्रत्येक तुकड्याचा जुन्यांत जुना अर्थ कोशांतून हुडकून काढावा, आणि ते दोन अर्थ पुन्हा एकत्र सांधून, 'पाहा, या शब्दाचा खरा अर्थ हा!' असें वाचकांस बजावावें, ही रीत आपल्याकडे पुष्कळ रूढ आहे. तींत श्रम थोडे आणि टाळ्या पुष्कळ. परंतु शब्दाच्या अवयवांचा इतिहास निराळा आणि खुद्द शब्दाचा इतिहास निराळा, हा विवेक अशा वेळीं बहुधा हातचा सुटतो. घर कोणी, केव्हां व कशासाठीं बांधलें, हें त्याच्या विटांची माती कोणत्या नदीकांठची आहे एवढ्यावरून कळत नाहीं. शब्दाचेंही तसेंच आहे.

हा विवेक कसा राखावा, हें दाखविण्यासाठीं प्रस्तुत लेखांत आम्हीं एक अगदीं क्षुद्र वस्तु निवडली आहे. ती वस्तु म्हणजे सुटे पैसे. जर्मन भाषेंत तिला दोन सामासिक नांवें आहेत. एक रोजच्या बोलण्यांतलें, 'क्लाइनगेल्ट'. आणि दुसरें टांकसाळीच्या व कायद्याच्या भाषेंतलें, 'शाइडेम्युन्त्से'. दोन्ही नांवें एकाच खिशांतल्या नाण्यांचीं. पण पहिल्याची व्युत्पत्ति दिसावयास मोहक असून निरुपयोगी आहे, आणि दुसऱ्याची दिसावयास अवघड असून तिच्यांत दोन-तीनशें वर्षांचा इतिहास साठलेला आहे. म्हणून दोहोंचा विचार जोडीनें केलेला बरा.

प्रथम 'क्लाइनगेल्ट' घेऊं. 'क्लाइन' म्हणजे लहान आणि 'गेल्ट' म्हणजे पैसा. तेव्हां लहान पैसा तो क्लाइनगेल्ट, इतका हा समास सरळ आहे. आतां अवयवांच्या पोटांत शिरलें म्हणजे कांहीं नवलाच्या गोष्टी दिसतात. 'क्लाइन' या शब्दाचा प्राचीन जर्मन भाषेंतील अर्थ 'लहान' असा नव्हता. चकचकीत, नीटस, नाजूक कलाकुसरीचा, असे त्याचे अर्थ होते. इंग्रजींत स्वच्छ या अर्थीं वापरला जाणारा 'क्लीन' हा त्याचाच सख्खा भाऊ. जें चकचकीत तें नाजूक, जें नाजूक तें बारीक, आणि जें बारीक तें लहान, अशा पायऱ्या उतरत हा शब्द आजच्या अर्थास येऊन ठेपला. जुन्या अर्थाची खूण 'क्लाइनोट' या शब्दांत अद्याप राहिली आहे. त्याचा अर्थ रत्न किंवा मोलाचा दागिना. 'गेल्ट' या शब्दाचीही कथा अशीच आहे. सोन्याला जर्मन भाषेंत 'गोल्ट' म्हणतात, म्हणून गेल्ट आणि गोल्ट हे एकाच मुळाचे असावेत असें कोणासही वाटेल. पण तसें नाहीं. सोन्याचें नांव पिवळेपणावरून आलें. 'गेल्ट' याचा मूळ अर्थ फेड, मोबदला, देवाला किंवा धन्याला द्यावयाचें देणें असा आहे. 'फेरगेल्टेन' या क्रियापदाचा अर्थ आजही उपकाराची वा अपकाराची परतफेड करणें असाच होतो. पैसा ही वस्तु होण्यापूर्वीं 'गेल्ट' हें एक कर्तव्य होतें, असें म्हटल्यास फारसें चुकणार नाहीं.

एवढी सामग्री हातीं आल्यावर उत्साही व्युत्पत्तिकारास मोह आवरणें कठीण. 'उजळ फेड म्हणजे क्लाइनगेल्ट!' असें तो म्हणेल, आणि त्यावर प्रामाणिक व्यवहाराचें एक लहानसें प्रवचनही करील. परंतु हें सर्व हवेंतलें आहे. 'क्लाइन' आणि 'गेल्ट' यांचा समास झाला तो फार अलीकडच्या काळीं, जेव्हां पहिल्याचा अर्थ 'लहान' व दुसऱ्याचा अर्थ 'पैसा' हे दोन्ही पक्के ठरून गेले होते. समास करणाऱ्यांच्या मनांत चकाकीही नव्हती आणि फेडही नव्हती. आपल्याच भाषेंतलें उदाहरण घ्यावयाचें तर 'शाई' हा शब्द फारशी 'स्याही' म्हणजे काळेपणा यावरून आला आहे. पण 'लाल शाई' म्हणणाऱ्यास 'तांबडा काळेपणा' अभिप्रेत असतो असें कोणी म्हणत नाहीं. अवयवांचे जुने अर्थ समासाच्या जन्मापूर्वींच मेले असतील तर समासाच्या अर्थांत त्यांस जागा नाहीं, हा या शास्त्रांतला पहिला नियम होय. आणि तो मोडल्यामुळें जितकीं पानें वायां गेलीं आहेत तितकीं दुसऱ्या कोणत्याही चुकीमुळें गेलीं नसतील.

क्लाइनगेल्ट या शब्दांत जी खरी गंमत आहे ती व्युत्पत्तीची नसून वापराची आहे. जर्मन माणूस, अमक्यानें मोठा बंगला घेतला, त्याच्यापाशीं 'जरूर तें क्लाइनगेल्ट' होतें, असें म्हणतो, तेव्हां त्या मनुष्याजवळ अमाप संपत्ति होती असें त्यास सांगावयाचें असतें. अवाढव्य रकमेस हंसत हंसत मोड म्हणावयाचें, हा तेथील बोलीचा विनोद. शब्दाचा स्वभाव कळावयास हा एक वाक्प्रचार दहा प्राचीन धातूंपेक्षां अधिक उपयोगी आहे, असें आमचें मत आहे.

आतां 'शाइडेम्युन्त्से' या दुसऱ्या शब्दाकडे वळूं. यांतील 'म्युन्त्से' म्हणजे नाणें. रोमन लोकांची टांकसाळ कॅपिटोल टेकडीवरील जूनो मोनेटा या देवीच्या देवळाशेजारीं होती. त्या 'मोनेटा' शब्दाचीं जीं संततें युरोपभर पसरलीं त्यांतील हें एक. पहिला अवयव 'शाइडेन' हें क्रियापद. वेगळें करणें, वेगळें होणें, निरोप घेणें असे त्याचे अर्थ आहेत. 'शाइडुंग' म्हणजे काडीमोड. 'शाइडेवेग' म्हणजे जेथें वाट फुटते ती जागा. लॅटिन व ग्रीक भाषांतील तोडणें, फाडणें या अर्थाचे धातु आणि आपला संस्कृत 'छिद्' हे सर्व याच कुळांतले मानतात. मात्र अंत्य व्यंजनाचा हिशेब जर्मन शब्दांत तंतोतंत जुळत नाहीं, म्हणून मूळ एक व प्रत्यय निराळे असें पंडितांस म्हणावें लागतें. तें कांहींही असो. 'वेगळें करण्याचें नाणें' हा शब्दार्थ ठरला. पण कोणी कोणास, आणि कशापासून वेगळें करावयाचें?

येथें तीन उत्तरें संभवतात, आणि तिन्ही वरवर पाहतां सारखींच पटण्याजोगीं आहेत. पहिलें उत्तर धातुकामाचें. सोन्यांतून रुपें निराळें काढण्यास जें नत्राम्ल वापरीत त्यास जर्मन भाषेंत 'शाइडेवासर', म्हणजे वेगळें करणारें पाणी, असें नांव आहे. रसायनशास्त्रासही पूर्वीं 'शाइडेकुन्स्ट' म्हणत. तेव्हां टांकसाळीच्या भट्टींतूनच हें नांव आलें असावें, असें एखादा म्हणेल. दुसरें उत्तर असें कीं, पूर्ण मोलाच्या मोठ्या नाण्यांपासून जें निराळें मानलें जातें, किंवा मोठ्या नाण्याचे जें विभाग करतें, तें शाइडेम्युन्त्से. तिसरें उत्तर असें कीं, वेगळीं व्हावयाचीं तीं धातु नव्हेत व नाणींही नव्हेत, तर माणसें: गिऱ्हाईक आणि दुकानदार. ज्या लहान नाण्यानें दोघांचा हिशेब शेवटच्या कवडीपर्यंत पुरा होतो आणि दोघे एकमेकांचें कांहीं लागत नसतां आपापल्या वाटेनें जाऊं शकतात, तें वेगळें होण्याचें नाणें.

या तीन उत्तरांची पारख केली पाहिजे. पहिलें उत्तर वस्तुस्थितीच्या उलट आहे. शाइडेवासरानें शुद्ध धातु हातीं येते; आणि शाइडेम्युन्त्से हें नाणें तर आधींच तांबें मिसळून हिणकस केलेलें. जें कधीं शुद्ध केलें नाहीं त्यास शुद्धीकरणाचें नांव कोण देईल? दुसऱ्या उत्तरास व्याकरण आडवें येतें. जर्मन भाषेंत क्रियापदाचा धातु नामापूर्वीं जोडून समास केला म्हणजे तो बहुधा त्या वस्तूचें काम सांगतो. शाइडेवासर म्हणजे वेगळें करणारें पाणी, वेगळें केलेलें पाणी नव्हे. 'निराळें काढलेलें नाणें' असें म्हणावयाचें असतें तर भूतकालवाचक धातुसाधित विशेषण घ्यावें लागलें असतें. 'विभाग करणारें नाणें' हा अर्थ व्याकरणांत बसतो खरा. पण रकमेचे वा संख्येचे भाग करणें यास जर्मन भाषेंत 'टाइलेन' हें वेगळें क्रियापद आहे, आणि असा अर्थ हवा असतां तें सोडून 'शाइडेन' घेण्याचें कारण दिसत नाहीं.

उरलें तिसरें उत्तर. जर्मन कोशांतूनही बहुधा हीच उपपत्ति दिलेली आढळते. परंतु कोशांत आहे एवढ्यावर न थांबतां तिला बाहेरचे साक्षी मिळतात का, हें पाहणें योग्य. डॅनिश व स्वीडिश भाषांत याच घडणीचे शब्द आहेत; पण ते जर्मन शब्दावरूनच बेतलेले दिसतात, आणि ज्याची साक्ष काढावयाची त्याच्याच घरचा मनुष्य साक्षीस आणणें न्यायाचें नव्हे. डच भाषेचें तसें नाहीं. तेथें सुट्या नाण्यास 'पासमुंट' म्हणतात, आणि 'पासेन' म्हणजे नेमकें बसणें, बरोबर जुळणें. फ्रेंच भाषेंतही, रक्कम तंतोतंत पुरी करण्यास जें नाणें लागतें त्यास त्या पुरें करण्यावरूनच नांव दिलेलें आहे. दोन शेजारी भाषा, दोन स्वतंत्र कल्पना, आणि दोन्हींचा रोख एकच: सुटें नाणें म्हणजे हिशेब नेमका मिटविणारें नाणें. जर्मन शब्द हीच गोष्ट सांगतो; फक्त तो रकमेकडे पाहून सांगत नाहीं, माणसांकडे पाहून सांगतो.

शिवाय खुद्द जर्मन भाषेंत 'शाइडेन' याच्या कुटुंबांत न्यायनिवाड्याचे शब्द पुष्कळ आहेत. 'एन्टशाइडेन' म्हणजे निर्णय करणें. 'बेशाइट' म्हणजे सरकारी निर्णय. 'शीड्सरिख्टर' म्हणजे लवाद किंवा पंच. वेगळें करणें आणि तंटा मिटविणें या दोन कल्पना जर्मन मनांत फार जवळच्या आहेत. मराठी वाचकांस यांत परकें कांहीं वाटूं नये. आपला 'निवाडा' हा 'निवडणें' यावरूनच झाला आहे. तांदुळांतून खडे वेगळे काढावे तसें खरें-खोटें वेगळें काढणें म्हणजे निवाडा. त्याहूनही जवळचें उदाहरण 'फारकत' हें होय. आज या शब्दानें नवराबायकोंचें विभक्त होणें सुचतें. पण जुन्या व्यवहारांत फारखत म्हणजे देणें फिटल्याबद्दलचा लेख, मोकळीक दिल्याचा कागद. हिशेब मिटणें आणि माणसें मोकळीं होणें यांस एकच शब्द! तेव्हां शाइडेम्युन्त्से याचें भाषांतर कोणी 'गौण नाणें' असें केलें तर तें अर्थशास्त्राच्या दृष्टीनें चूक नाहीं. परंतु शब्दाच्या आत्म्यास धरून करावयाचें तर 'फारकतीचें नाणें' असेंच करावें लागेल.

पण हिशेब नेमका मिटविणें ही एवढी मोठी गोष्ट कां वाटावी कीं तिच्यावरून नाण्यास नांव पडावें? याचें उत्तर शब्दकोशांत नसून टांकसाळींच्या इतिहासांत आहे. जुन्या जर्मनींत एका थालरचे २४ ग्रोशेन व एका ग्रोशेनचे १२ पेनिग, म्हणजे थालरचे २८८ पेनिग, असा हिशेब पुष्कळ प्रांतांत चाले. आतां एक थालर पाडावयास जितकी मेहनत, जवळजवळ तितकीच एक पेनिग पाडावयासही. आणि पेनिग पाडावयाचे २८८. लहान नाण्यांतही मोठ्या नाण्याच्या प्रमाणांत रुपें घालावयाचें म्हटलें कीं मजुरीमुळें टांकसाळ बुडालीच. १५५९ सालीं ऑग्जबुर्ग येथें साम्राज्याचा जो नाण्यांविषयींचा कायदा झाला त्यानें लहान नाण्यांचा कसही असाच चढा ठरविला. परिणाम उलटा झाला. प्रामाणिक टांकसाळींनीं लहान नाणीं पाडणें टाळलें, आणि बाजारांत मोडीची टंचाई झाली; ती भरून काढावयास अप्रामाणिक टांकसाळी पुढें आल्या.

याचें पर्यवसान इतिहासांत 'किपर आणि विपर' यांचा काळ म्हणून प्रसिद्ध आहे. तराजूचें पारडें कलतें करणारे, चांगलीं जड नाणीं निवडून वितळविणारे व हलकीं नाणीं लोकांच्या गळ्यांत मारणारे जे दलाल, त्यांचें हें नांव. तीस वर्षांचें युद्ध १६१८ त सुरू झालें होतें आणि राजांस फौजेसाठीं पैसा हवा होता. १६१९ पासून १६२३ पर्यंत, आणि विशेषतः शेवटच्या दोन वर्षांत, लहान नाण्यांत रुप्याच्या जागीं तांबें इतकें वाढत गेलें कीं शेवटीं तीं नुसतीं तांब्याचींच राहिलीं. ज्यांच्यापाशीं थालर होते त्यांनीं ते पुरून ठेवले. ज्यांस रोजची मजुरी लहान नाण्यांत मिळे त्यांच्यापाशीं पुरण्यासारखें कांहीं नव्हतें. १६२३ च्या सुमारास जुना कस पुन्हा लागू झाला तेव्हां हीं नाणीं धातूच्या भावानें परत घेतलीं गेलीं, आणि नुकसान ज्यांच्या मुठींत तीं होतीं त्यांचें झालें. सुटें नाणें ही क्षुद्र वस्तु आहे असें मानणाऱ्यांनीं एवढें लक्षांत ठेवावें कीं जो केवळ सुट्या नाण्यावर जगतो त्याच्या दृष्टीनें तेंच सर्व चलन असतें.

या अनुभवांतून राज्यकर्ते हळूहळू एक गोष्ट शिकले. लहान नाण्यांत पूर्ण मोलाची धातु घालण्याचा हट्ट सोडावा. पण मग तीं किती पाडावयाचीं यास मर्यादा असावी, आणि हें पूर्ण मोलाचें नाणें नव्हे हें उघड सांगावें. प्रशियानें १८२१ त थालरचे ३० सिल्बरग्रोशेन व ३६० पेनिग असा नवा हिशेब लावला, आणि त्या लहान नाण्यांवर 'शाइडेम्युन्त्से' हा शब्दच ठोकून टाकला. पेनिगवर किती नाण्यांचा एक थालर होतो तो आंकडा, ३६०, आणि खालीं हें नांव. उलट पूर्ण कसाच्या नाण्यास 'कुरांट' म्हणत. हा शब्द फ्रेंच भाषेंतील धांवणें, चालणें या क्रियापदावरून आला, जसें आपलें 'चलन' हें चालणें यावरून आलें.

आमच्या मतें या शब्दाच्या चरित्रांतला निर्णायक क्षण हाच होय. तोंपर्यंत शाइडेम्युन्त्से हें नांव नाण्याचें काम सांगत होतें. येथून पुढें तें नाण्याची पायरी सांगूं लागलें. ज्या शब्दांत दोन माणसें समाधानानें निरोप घेत होतीं, त्यांत आतां 'याची धातु याच्या किंमतीइतकी नाहीं, जपून घ्या' असा इशारा आला. १८७३ च्या जर्मन साम्राज्याच्या कायद्यानें ही पायरी आंकड्यांनीं बांधून टाकली. रुप्याच्या नाण्यांत २० मार्कांहून व निकल-तांब्याच्या नाण्यांत १ मार्काहून अधिक रक्कम कोणावर सक्तीनें घालतां येणार नाहीं. दरडोई १० मार्कांहून अधिक रुप्याचीं व अडीच मार्कांहून अधिक निकल-तांब्याचीं नाणीं पाडावयाचीं नाहींत. आणि रुप्याचीं २०० किंवा निकल-तांब्याचीं ५० मार्कांचीं नाणीं एकदम आणून देणाऱ्यास ठराविक कचेऱ्यांनीं तीं सोन्यांत बदलून द्यावयाचीं. हा कायदा रूक्ष आहे. पण किपर-विपरांच्या काळीं नाडलेल्या मजुराच्या दृष्टीनें पाहिल्यास त्याच्यांत मोठी दया आहे. लहान नाणें हिणकस असूनही त्यावर विश्वास टाकतां यावा, याची ती तजवीज होती.

तो विश्वासही पुढें दोनदां ढासळला. पहिल्या महायुद्धांत धातु दारूगोळ्याकडे गेली आणि गांवोगांवच्या नगरपालिकांस कागदाचे, लोखंडाचे, जस्ताचे बिल्ले काढावे लागले. मायसेनच्या प्रसिद्ध कारखान्यांत तर चिनी मातीचीं नाणीं भाजलीं गेलीं. अशा बिल्ल्यांवर 'क्लाइनगेल्टएरझाट्समार्के', म्हणजे मोडीच्या ऐवजींचा बिल्ला, असा लांबलचक समास छापलेला सांपडतो. पुढें १९२३ च्या नोव्हेंबरांत एका अमेरिकन डॉलरला ४ लाख २० हजार कोटी मार्क पडूं लागले, तेव्हां लहान नाणें ही कल्पनाच अर्थशून्य झाली. त्याच महिन्यांत रेंटेनमार्क हें नवें चलन आलें आणि त्याबरोबर रेंटेनपेनिग नांवाचीं लहानशीं नाणीं पुन्हा हातीं खुळखुळूं लागलीं.

आज युरोपच्या सामाईक चलनांत, ज्याचीं नाणीं १ जानेवारी २००२ पासून व्यवहारांत आलीं, सर्वच नाणीं शाइडेम्युन्त्से आहेत. एकाचीही धातु त्याच्या किंमतीची नाहीं, आणि एका वेळीं ५० हून अधिक नाणीं घेण्याची सक्ती सामान्य दुकानदारावर नाहीं. म्हणजे जुन्या मर्यादेचें तत्त्व जिवंत आहे. पण शब्द मात्र कायद्याच्या व नाणेशास्त्राच्या ग्रंथांत जाऊन बसला. सोन्या-रुप्याचें कुरांट चालेनासें झालें, विरुद्धार्थी शब्दाचें काम संपलें, आणि बोलण्यांत साधें क्लाइनगेल्ट तेवढें उरलें.

आतां आपल्या शब्दांकडे क्षणभर पाहूं. कारण परक्या शब्दाची परीक्षा करितांना आपल्या शब्दांची कसोटी आपोआपच लागते. मराठींत या वस्तूचीं नांवें कमी नाहींत. 'मोड' हा शब्द मोडणें यावरून. रुपया मोडून जें हातीं येतें ती मोड. 'खुर्दा' हा फारशी शब्द. त्याचा अर्थ तुकडे, चुरा. याच्या उलट तो 'बंदा' रुपया. 'चिल्लर' हा आम्हांस दक्षिणेकडील द्राविडी भाषांनीं दिला. 'सुटे' हा सुटण्यावरून. यांतील मोड आणि खुर्दा हे दोन्ही शब्द मोठ्या नाण्याच्या बाजूनें विचार करतात. बंदा रुपया ही मूळ वस्तु. तिचा भंग झाला म्हणजे मोड. त्यामुळेंच हे शब्द माणसांस लावले कीं त्यांत अवहेलना येते. फौजेचा खुर्दा उडाला असें आपण म्हणतों. आणि पानिपतच्या संग्रामानंतर १७६१ त सराफी भाषेंत जो निरोप आला असें सांगतात, त्यांत मोत्यांचा व मोहरांचा उल्लेख करून सामान्य शिपायांस रुपये-खुर्द्यांत काढलें होतें, आणि त्या खुर्द्याची मोजदादच नव्हती, हें महाराष्ट्रांत कोणास ठाऊक नाहीं? निरोप सांकेतिक होता, लिहिणाऱ्याचा हेतु अपमानाचा नव्हता, हें खरें. परंतु उपमा जी सुचली ती भाषेनें आधींच तयार ठेवलेली होती.

यावरून, जर्मन लोक हिशेबी म्हणून त्यांनीं असा शब्द केला व आम्ही बेहिशेबी म्हणून आम्हीं तसा केला, असा राष्ट्रस्वभावाचा सिद्धान्त काढण्याचा मोह कोणास होईल. तो सिद्धान्त आम्हांस मुळींच मान्य नाहीं. डच व फ्रेंच शब्दांचा रोखही तोच आहे हें वर दाखविलेंच आहे. आणि निवाडा व फारकत हे शब्द ज्या भाषेंत आहेत तिला ही दृष्टि अपरिचित होती असें कोण म्हणेल? शब्द राष्ट्राचा स्वभाव सांगत नाहीं. वस्तूच्या अनेक बाजूंपैकीं कोणती बाजू त्या घटकेस नांव देणाऱ्याच्या डोळ्यांपुढें होती, एवढेंच सांगतो. एकास मोडलेला रुपया दिसला, दुसऱ्यास दुकानाच्या उंबरठ्यावर निरोप घेणारीं दोन माणसें दिसलीं. दोघांनींही खरेंच पाहिलें.

जर्मन विद्वानांनीं या लहान नाण्यास आपल्या व्यवसायांतही मानाची जागा दिली, हें येथें सांगण्याजोगें आहे. प्रख्यात तत्त्ववेत्ते एडमुंड हुसर्ल हे आपल्या विद्यार्थ्यांस, मोठमोठ्या नोटा पुढें करूं नका, क्लाइनगेल्ट काढा, असें बजावीत, अशी आठवण त्यांचे विद्यार्थी गाडामर यांनीं नमूद केली आहे. भव्य सिद्धान्त फेंकणें सोपें. त्याची मोड करून प्रत्येक पैशाचा हिशेब देणें कठीण, हा त्यांचा अभिप्राय. त्याचप्रमाणें ग्रंथस्वामित्वाच्या कायद्यांत अलेक्झांडर एल्स्टर यांनीं १९२१ त 'लहान नाणें' ही संज्ञा रूढ केली. पाककृतींचीं पुस्तकें, दरपत्रकें, नांवपत्त्यांच्या याद्या यांसारख्या ज्या लेखनांत स्वतंत्र प्रतिभा अगदींच थोडी असते, त्यासही कायद्याचें संरक्षण असावें, असें सांगण्यासाठीं ती योजलेली आहे. कोणास मोठें व कोणास लहान म्हणावयाचें तें म्हणा. पण लहान म्हणून कोणाच्या हक्काची चोरी करूं नका, हा तिचा मथितार्थ.

आमच्या टीकाकारांस हुसर्ल यांचा उपदेश विशेष लागू आहे असें आम्हांस वाटतें. व्युत्पत्तीच्या प्रांतांत आजही मोठ्या नोटांचा सुळसुळाट आहे. दोन शब्दांचा ध्वनि जुळला कीं दोन संस्कृतींचें नातें जुळविणारे लेख निघतात. त्यांतील प्रत्येक विधानाची मोड मागूं लागलें तर लेखकाच्या खिशांत कांहींच निघत नाहीं. शब्द केव्हां बनला, कोणत्या धंद्यांत बनला, त्याच घडणीचे दुसरे शब्द कसे चालतात, शेजारच्या भाषा काय म्हणतात, आणि त्या वस्तूचा उपयोग करणारीं माणसें कोणत्या अडचणींत होतीं, हे पांच लहान प्रश्न ज्यानें विचारले नाहींत त्यानें धातुपाठास हात लावूं नये.

आपल्याकडे ३० जून २०११ पासून ५० पैशांखालचीं नाणीं कायद्यानें बंद झालीं, आणि २०१६ पासून दूरध्वनियंत्रावरून पैसे चुकते करण्याची जी सोय झाली तिनें तर मोडीवांचून व्यवहार तंतोतंत मिटूं लागला. सुटे नाहींत म्हणून गोळ्या-चॉकलेटें हातावर ठेवणाऱ्या दुकानदाराची आठवण पुढील पिढीस राहणार नाहीं, आणि त्याबद्दल कोणी शोक करावा असेंही नाहीं. देणें नेमकें फिटावें, देणारा-घेणारा मोकळा व्हावा, आणि जो थोडक्यावर जगतो त्याचें थोडकें कोणी खाऊं नये, एवढीच या नाण्याची मूळ अपेक्षा होती. ती अपेक्षा यंत्रानें पुरी होत असेल तर नाण्याचें काम झालें असें समजावें. होत नसेल तर यंत्रालाही 'शाइडेम्युन्त्से' या जुन्या शब्दाचा अर्थ पुन्हा शिकवावा लागेल.